प्रत्येक वस्तूची फील्ड्स वेगळी, टेबल कसं करू?

प्रश्न: वस्तूंच्या डेटाबेस टेबलात ठरलेले ४० कॉलम आहेत, पुस्तकाला लेखक लागतो, पंख्याला वॅट, त्यामुळे प्रत्येक ओळीत निम्म्याहून जास्त नल (रिकाम्या जागा) आणि नवीन प्रकार आला की परत ऑल्टर टेबल, म्हणजे टेबलाची रचना बदलायची कमांड. काय करावं?

उत्तर: पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर जेसनबी वापरा, म्हणजे गुणधर्माचं नाव (की) आणि त्याची व्हॅल्यू अशा कितीही जोड्या एकाच कॉलममध्ये ठेवणारा डेटा टाइप, २०१४ च्या ९.४ व्हर्जनपासून आहे. आयडी, नाव, किंमत साधे कॉलमच ठेवा, बाकीचं सगळं एका जेसनबी कॉलममध्ये आणि त्यावर जिन इंडेक्स (आतल्या की-व्हॅल्यूंची शोधसूची), म्हणजे अमुक कीला अमुक व्हॅल्यू हा शोध पटकन लागतो.

उत्तर: प्रत्येक गुणधर्माची एक ओळ अशा की-व्हॅल्यूच्या वेगळ्या टेबलच्या भानगडीत मात्र पडू नका हो, मी केलंय, तीन गुणधर्मांवर फिल्टर लावायला तीन जॉइन, म्हणजे ते टेबल तीनदा जोडायचं!

प्रश्नकर्ता: आणि कोणी वॅटमध्ये ‘साठ’ असं अक्षरात भरलं तर?

उत्तर: चेक कन्स्ट्रेंट लावा (न बसणारा डेटा नाकारणारा नियम), त्यात टाइप नंबर आहे का ते तपासता येतं. ज्यावर रोज रिपोर्ट निघतो ते फील्ड सरळ कॉलमच करा.