टॉर्चपेक्षा भिंग बरं

कार्ड अस्सल की नकली हे ओळखायला टॉर्चची चाचणी, म्हणजे मागे टॉर्च धरून उजेड कसा झिरपतो ते बघणं, पुरेशी आहे असं म्हणतात. मॅजिक: द गॅदरिंग या पत्ते जमवून खेळायच्या खेळाच्या कार्डांना ती पुरत नाही, अस्सल कार्डांसारखा निळ्या गाभ्याचा (मधल्या थराचा) कागद नकली छापणारेही वापरतात, मग उजेड जवळपास तसाच झिरपतो.

३० ते ६० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेल्या पाच रंगीत गोळ्यांपैकी हिरव्या गोळीत, वरच्या उजळ भागात, चार लाल ठिपके एल अक्षरासारखे मांडलेले दिसतात. नकली कार्ड स्कॅनवरून छापतात, त्यामुळे ते ठिपके फिसकटतात किंवा नसतातच.

पण तेवढ्यावर थांबू नका. महागड्या कार्डांत अस्सल पाठीवर नकली पुढची बाजू चिकटवलेली असते आणि पाठ अर्थातच पास होते! म्हणून पुढचा काळा मजकूर बघा: अस्सल कार्डात काळी शाई वेगळ्या प्लेटने येते, अक्षरं भरीव, कडा रेखीव. अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसली तर सौदा मोडा. कडेला सांधा दिसतोय का, तेही तपासा.

२०१४ च्या मध्यापासूनच्या बहुतेक रेअर (दुर्मिळ) कार्डांवर तळाशी लंबगोल चमकता शिक्का असतो; जुन्या छपाईत तो नसणं ठीकच. वाकवून मात्र बघू नका, अस्सल कार्डालाही घडी पडते.