जिओमॉर्फॉन: सपाट मैदानात शिखरं आणि खळगे का उमटतात?

समोच्चरेषा:
नमस्कार मंडळी. एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार मोजणीच्या ३० मीटर डीईएमवरून (जमिनीच्या उंचीची जाळी, एक पेशी ३० मीटरची) भूरूपांचा नकाशा करतेय. ग्रास जीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममधलं जिओमॉर्फॉन हे भूरूपं ओळखणारं साधन वापरलं. शोधाची त्रिज्या १० पेशी, स्किप (जवळच्या किती पेशी सोडायच्या ते) ०, सपाटपणाची मर्यादा (याहून कमी कोन म्हणजे सपाट) १ अंश. डोंगराळ भागात धारा, सोंडा, घळी जिथल्या तिथे आल्या. दोन गोष्टी मात्र पटत नाहीत. नदीकाठच्या मैदानात शिखरं आणि खळग्यांचा नुसता सडा पडलाय. आणि सव्वा किलोमीटर रुंद तळ असलेली एक दरी आहे, तिचा मधला पट्टा सगळा 'सपाट' आला. टीपीआयकडे, म्हणजे प्रत्येक पेशीची आसपासच्या सरासरी उंचीशी तुलना करणाऱ्या पद्धतीकडे वळू का?

उतारवाट:
पद्धत बदलायची घाई नको. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी मैदान. एसआरटीएमच्या उंच्या पूर्ण मीटरमध्ये साठवलेल्या असतात. एका पेशीत ५१२ आणि शेजारी ५१३ असं आलं, की ३० मीटरवर तो चढ १.९ अंशांचा होतो. तुमची मर्यादा १ अंशाची, म्हणजे प्रोग्रामच्या लेखी तिथे उंचवटा आला. स्किप ३ करून बघा. मग तुलना ९० मीटरच्या पुढे सुरू होते आणि तोच एक मीटर तिथे ०.६ अंशांवर येतो. सडा बराच विरळ होईल. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाच्या ३० मीटर डीईएममध्ये उंच्या दशांशात असल्यामुळे ही पायरी येत नाही; झाडं आणि इमारतींचे माथे मात्र दोन्हींत मिसळलेले असतात, हे विसरू नका.

आता दरी. तळाच्या मधोमध उभं राहिलं तर दोन्ही बाजूंचे डोंगर सहाशे मीटरच्या पुढे. तुमची त्रिज्या १० पेशी, म्हणजे ३०० मीटर. प्रोग्रामला डोंगर दिसतच नाहीत, मग तो दरी कुठून म्हणणार? प्रत्येक पेशीतून तो आठ दिशांना नजर टाकतो आणि प्रत्येक दिशेला उंच, खोल किंवा सारखं असं एक उत्तर घेतो. असे ६५६१ नमुने होतात, फिरवलेले आणि आरशातले वगळले की ४९८ उरतात, आणि ते शिखर, धार, खांदा, सोंड, पायथा, दरी अशा दहा नावांत बसतात. यासिएविच आणि स्टेपिन्स्की यांनी २०१३ मध्ये मांडलेली ही कल्पना मला अजूनही विलक्षण देखणी वाटते. त्रिज्या ५० पेशींची करा. घळी हरवतील ही भीती नको, कारण जवळची छोटी घळही नजरेच्या कोनात मोठीच दिसते. अडचण दूरच्या बुटक्या उंचवट्यांची आहे: १५०० मीटरवर १ अंश म्हणजे २६ मीटर, त्याहून कमी असेल ते 'सारखं' धरलं जातं. त्यासाठी 'फ्लॅटनेस डिस्टन्स' दिलेलं आहे; त्या अंतरापुढे ही मर्यादा कमी होत जाते.

टीपीआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वाइस यांच्या २००१ च्या वर्गीकरणात वर्ग संपूर्ण क्षेत्रातल्या टीपीआयच्या प्रमाण विचलनावर, म्हणजे ती मूल्यं किती पसरलेली आहेत त्यावर ठरतात. त्यामुळे अभ्यासक्षेत्राची हद्द बदलली की तीच धार दुसऱ्या वर्गात जाऊ शकते. दोन प्रदेशांची तुलना करायची असेल तर मी ते टाळेन.

पिक्सेलपाटी:
भर घालतो. डीईएम अक्षांश-रेखांशात असेल तर यूटीएममध्ये (मीटरमधल्या नकाशा-प्रक्षेपणात) आणताना बायलिनियर किंवा क्युबिक (शेजारच्या पेशींवरून मधली उंची काढणाऱ्या रीती) निवडा. 'निअरेस्ट नेबर'ने, म्हणजे सर्वांत जवळच्या पेशीची उंची तशीच उचलली तर, पट्टे उमटतात आणि ते धारांसारखे दिसतात. आणि जलविश्लेषणासाठी खळगे भरलेला डीईएम इथे वापरू नका. भरलेल्या जागी खोटी सपाटी तयार होते.

समोच्चरेषा:
मनापासून आभार. स्किप ३ आणि त्रिज्या ५० ठेवल्यावर मैदान शांत झालं. दरी दरी म्हणून आली, कडेने पायथाही आला. आता नदीला समांतर लांबच लांब अरुंद धारा दिसताहेत. हे पूरतट (पुराच्या गाळाने काठावर साचलेले नैसर्गिक बांध) म्हणून नोंदवू का?

उतारवाट:
लगेच नको. जिओमॉर्फॉन आकार सांगतं, तो कशाने घडला ते सांगत नाही. तीच 'धार' पूरतटाची असू शकते, माणसाने घातलेल्या बांधाची असू शकते किंवा काठावरच्या झाडांच्या रांगेचीही. उपग्रह प्रतिमा वर ठेवून बघा. झाडांची रांग असेल तर झाडं-इमारती वजा केलेल्या फॅबडेम या डीईएममध्ये ती बरीच खाली बसेल. पूरतट असेल तर नदीच्या बाजूला उतार तीव्र आणि मैदानाकडे मंद दिसतो, म्हणून नदीला काटकोनात तीन-चार छेद काढा आणि ते इथे टाका. मलाही बघायचेत.