मदत हवी आहे : संकरित गाईंत गीरचा भ्रूण

राम राम मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, केळी आणि सहा गाई. त्यात चांगल्या दुधाची गीर एकच, तिलाही मागच्या दोन्ही वेतांत गोऱ्हेच झाले. म्हणून तिची स्त्रीबीजं काढून, प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून संकरित गाईंच्या गर्भाशयात ठेवायचा विचार आहे.

गेल्या मे महिन्यात बाहेरून आणलेले भ्रूण दोन गाईंत ठेवून पाहिले, माजानंतर सातव्या दिवशी. दोन्ही उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. बाहेर 44-45 अंश आणि आपला पत्र्याचा गोठा, दोष कोणाला देणार? आता थंडीत करायचं आहे.

जळगाव-धुळ्याकडे गोठ्यावर येऊन हे काम करणारं पथक कोणी बोलावलंय का? पैसे आधी घेतात की गाभण ठरल्यावर? लिंगनिर्धारित रेतमात्रेने (कालवडीच व्हाव्यात म्हणून वेगळं केलेलं वळूचं वीर्य) 10 पैकी 9 कालवडी होतात म्हणे, पण भ्रूण कमी मिळतात का? गाईंना आधी खनिज मिश्रण किती दिवस दिलं?

आणि हो, वडील अडून बसलेत: "जर्सीच्या पोटातून गीर कसं निघेल?" गुण आईबापाचे, कूस फक्त उसनी, हे डॉक्टरांनी सांगूनही पटत नाही. कोणाकडे असं वासरू असेल तर फोटो टाका भाऊ, त्यांना दाखवतो.