दांडियाची ट्रायल: आवाज फाटतो, तटतटतो आणि गायिका गायब

बी-२०३ (सांस्कृतिक समिती): मंडळी, ट्रायलनंतर चार तक्रारी आल्यात. आवाज मधूनच फाटतो. मिनिटाला दोन-तीनदा तट-तट होतं. मागे सतत घूंऽऽ चालू. आणि काही गाण्यांत वाद्यं छान ऐकू येतात, पण गाणारीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. लॅपटॉपवर मिक्स्स (Mixxx) आहे, ते तीन एक्सवालं फुकट मिळणारं डीजे सॉफ्टवेअर. हेडफोनच्या भोकातून केबल थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला. जाणकारांनी मार्ग सांगावा 🙏

ए-१०२: स्पीकर बदलून मागवा. खराब असणार.

ए-७०४: काका, जरा थांबा. स्पीकर सगळ्यात शेवटी. आधी मिक्सरची केबल काढून लॅपटॉपला हेडफोन लावा, तीच गाणी त्याच क्रमाने वाजवा. जी तक्रार हेडफोनमध्येही ऐकू येईल ती लॅपटॉपच्या आतली. जी गेली ती केबलची किंवा मिक्सरची. हे कळल्याशिवाय एकही नॉब फिरवू नका.

बी-२०३: केलं. हेडफोनमध्ये गायिका स्पष्ट आहे, घूं नाही. तटतट आहे. फाटतं फक्त दोन गाणी एकमेकांत मिसळताना.

सी-१०१: मग गायिकेचा चोर केबलमध्ये आहे. मिक्सरकडच्या टोकाला काय आहे?

बी-२०३: एकच जाड पिन ताई. तिच्यावर दोन काळ्या रेघा.

सी-१०१: तेच. दोन रेघा म्हणजे पिनेवर तीन जोड. लॅपटॉप त्यातल्या एकावर डावा आवाज पाठवतो, एकावर उजवा, तिसरा ग्राउंड. मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटची समजूत वेगळी असते. त्याच्या मते एकच आवाज एका जोडावर सुलटा आणि दुसऱ्यावर उलटा आलेला असतो, म्हणून तो दोन्हींची वजाबाकी करतो. गायिका रेकॉर्डिंगमध्ये मधोमध, डावीउजवीकडे अगदी सारखी. वजाबाकी शून्य. जी वाद्यं दोन्हीकडे वेगवेगळी आहेत तेवढी उरतात, आणि थोडी तिच्या आवाजाची गुंज. तुम्हाला ‘विहिरीतून’ वाटतंय ते हेच.

केबल अशी हवी: एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला ६.३ मिमीच्या दोन मोनो पिना, प्रत्येकीवर एकच रेघ. दोन वेगळे चॅनल घ्या, एकाचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणारा नॉब) पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे. पिना लाइन इनपुटला लावा, माइकच्या नाही. माइकला वीज पुरवणारं ४८ व्होल्टचं फँटम बटण त्या चॅनलना बंद ठेवा.

डी-५०२: नवी केबल कशाला? मिक्स्समध्येच आउटपुट मोनो केलं तर?

सी-१०१: आत्ताच्या केबलवर मोनो केलंत तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील आणि उरलेली वाद्यंसुद्धा जातील 😀 केबल बदलल्यावर खुशाल करा. मैदानात दोन स्पीकर लांब लांब असले की एका कडेच्या माणसाला फक्त डावी बाजू ऐकू येते, तिथे मोनोच बरं.

ए-७०४: घूं साठी चार्जर काढून दोन मिनिटं ऐका. लगेच थांबली तर अर्थ लूप. लॅपटॉपची अर्थ आणि मिक्सरची अर्थ केबलमधून एक वेटोळं तयार करतात आणि मेन्सची ५० हर्ट्झची घरघर त्यातून आवाजात उतरते.

बी-२०३: थांबली! मग बॅटरीवरच चालवू का?

ए-७०४: नको. बॅटरीवर विंडोज प्रोसेसर मंदावतं आणि तटतट वाढते. आधी लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी घूं राहिली तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायचा छोटा डबा) घाला आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट, म्हणजे अर्थचा जोड तोडणारा, खटका दाबा. हा बॉक्स लेव्हल खाली आणतो, त्यामुळे डीआय लावलात तरच माइक इनपुट वापरायचं.

ए-१०२: प्लगची अर्थची पिन काढून टाकली की घूं जाते. सोपं काम.

ए-७०४: घूं जाते काका, पण धातूच्या बॉडीत करंट उतरला तर त्याला पळायला वाट राहत नाही. खाली ओली लादी, हातात माइक. ते अजिबात नको.

सी-१०१: आता तटतट. मिक्स्सच्या सेटिंग्जमध्ये साउंड हार्डवेअर उघडा. ऑडिओ बफर किती आहे आणि खाली अंडरफ्लो काउंट (लॅपटॉपला किती वेळा उशीर झाला तो आकडा) वाढतोय का?

बी-२०३: ११.६ मिलिसेकंद. काउंट ३८, आणि वाढतोय.

सी-१०१: ४४,१०० सँपल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने धरले तर, ११.६ म्हणजे ५१२ सँपल. दर ११.६ मिलिसेकंदांनी लॅपटॉपने पुढचे ५१२ तयार ठेवायचे. एकदा उशीर झाला की तेवढी फट पडते, ती तट म्हणून ऐकू येते. बफर २३.२ करा. तरी काउंट वाढला तर ४६.४. स्क्रॅचिंग करणाऱ्याला हा उशीर खुपेल, तुम्हाला गाण्याला गाणं जोडायचंय, फरक पडणार नाही.

शिवाय वायफाय आणि ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, ब्राउझर बंद. गाणी पेनड्राइव्हवरून वाजवू नका, लॅपटॉपमध्ये कॉपी करून घ्या. विंडोजच्या साउंड सेटिंगमधला रेटही ४४,१०० ठेवा आणि ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. त्यातला बेस बूस्ट फाटण्यातही भर घालतो.

डी-५०२: हे सगळं करूनही तटतट राहिली तर?

सी-१०१: लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतोय त्याचं नाव दाखवतं. बरेचदा वायफायचाच निघतो.

ए-७०४: राहिलं फाटणं. एकट्या गाण्याला फाटत नाही, दोघांना मिळून फाटतं, म्हणजे बेरीज मर्यादेबाहेर जाते. सारख्या लेव्हलची दोन गाणी एकत्र आली की साधारण ३ डेसिबल वाढतात. दोघांचे ठोके नेमके एकावर एक बसले तर त्या ठोक्याला ६ पर्यंत. डिजिटलमध्ये शून्याच्या वर जागाच नसते, लाटेचा माथा कापला जातो.

मिक्स्सचा मेन गेन (एकूण आवाजाचा नॉब) इतका खाली आणा की दोन्ही डेक, म्हणजे दोन्ही गाणी, चालू असताना मीटर लाल होणार नाही. एकटं गाणं उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिलं तर चांगलं. कमी पडलेला आवाज साउंडवाल्याने मिक्सरवर वाढवायचा. जोडताना नव्या गाण्याचा लो नॉब (खालच्या पट्टीचा) पूर्ण खाली ठेवून ते आत आणा, मग सम गाठून जुन्याचा लो काढा आणि नव्याचा द्या. दोन ढोल एकाच वेळी खालच्या पट्टीत असले की मीटर हिरवा असूनही चिखल ऐकू येतो. आणि ईक्यू (लो, मिड, हाय हे नॉब) वाढवण्यापेक्षा कमी करायची सवय लावा.

डी-५०२: काही गाणी नुसतीच किरकिरी वाटतात. १२८ केबीपीएसची आहेत. ३२० मध्ये कन्व्हर्ट करून देतो.

सी-१०१: कृपया नको. जे उडालं ते परत येत नाही, उलट दुसऱ्यांदा दाबल्याने आणखी बिघडतं. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे गाण्यात कुठल्या पट्टीचा आवाज किती आहे त्याचं चित्र, बघा. १६ किलोहर्ट्झच्या वर सपाट काळोख असेल तर फाइलचं नाव काहीही असो, माल बहुधा १२८ चाच. ती गाणी नव्याने विकत घ्या.

ए-७०४: आणि कीलॉक (टेम्पो बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) लावून टेम्पो फार ताणू नका. मिनिटाला ११० ठोक्यांचं गाणं १३० ला नेलं तर १८ टक्के ताण पडतो, टाळ्या आणि ढोलकीची थाप दुहेरी, ओलसर ऐकू येते. ६ टक्क्यांच्या आत राहा. कीलॉक बंद ठेवलंत तरी ६ टक्क्यांना सूर जेमतेम अर्धा स्वर चढतो, दांडियात कोणी हटकणार नाही. ११० वरून १३० ला जायचंच असेल तर मधे ११६ आणि १२३ ची गाणी घाला.

ए-१०२: म्हणजे स्पीकर बदलायचे नाहीत तर.

ए-७०४: नाही काका. ॲम्प्लिफायरचा क्लिपचा (आवाज कापला जातोय हे सांगणारा) लाल दिवा मात्र साउंडवाल्याने बघत राहायचा. तो सतत पेटला तर ट्वीटर (स्पीकरमधले बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) खरंच जातील.

बी-२०३: बफर २३.२ केला, मेन गेन खाली आणला. एक तास झाला, काउंट शून्य आणि जोडताना फाटत नाही. घूं एकाच बोर्डवर कमी झाली, पूर्ण गेली नाही. केबल उद्या आणते. डीआय बॉक्स साउंडवाल्याकडे असेल का?

ए-७०४: विचारताना ‘पॅसिव्ह, दोन चॅनलचा’ असं सांगा. एकाच चॅनलचा दिला तर दोन लागतील.