लोमॅक्सच्या आधी ऑलिव्ह कॅम्पबेल

लोकगीतं गोळा करणारे जॉन आणि ॲलन लोमॅक्स हे बापलेक रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन फिरले म्हणून अमेरिकेची लोकगीतं वाचली, असं म्हणतात. अर्धं मान्य. १९३३ मध्ये गाडीत तीनशे पौंडांच्या वर वजनाचं रेकॉर्डिंगचं धूड टाकून तुरुंगातुरुंगांत फिरणं खायचं काम नव्हतं. पण अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचियन डोंगरातली गाणी त्याच्या कितीतरी आधी कागदावर उतरली होती, आणि तिथेही नाव निघतं ते सेसिल शार्प या लोकगीतं गोळा करणाऱ्या इंग्रज साहेबाचं. सुरुवात केली होती ऑलिव्ह डेम कॅम्पबेल या बाईंनी. नवरा डोंगरी भागाची सामाजिक पाहणी करत होता, त्याच्यासोबत या गेलेल्या. १९०७ च्या डिसेंबरात केंटकीतल्या हिंडमनच्या शाळेत एका मुलीने 'बार्बरा ॲलन' हे जुनं लोकगीत म्हटलं. चाल कॅम्पबेलबाई लहानपणी म्हणायच्या त्या चालीपेक्षा पार वेगळी. तिथून गाणी टिपायला लागल्या.

१९१५ मध्ये त्यांनी तो संग्रह शार्पना नेऊन दाखवला, तेव्हा कुठे साहेब १९१६ ला डोंगर चढले. सोबत त्यांची सहायक मॉड कार्पेलिस. गाणारी म्हातारी ओसरीवर बसली की शार्प स्वर लिहायचे आणि कार्पेलिस शॉर्टहँडमध्ये शब्द, म्हणजे गाणं मध्येच थांबवायला नको. १९१७ च्या पुस्तकावर कॅम्पबेलबाईंचं नाव आहे, शार्पच्या बरोबरीने. चर्चेत मात्र गायब! बाकी शार्पना हवी होती जुनी इंग्रजी गाणी. काळ्या गायकांकडे त्यांनी जवळजवळ पाहिलंच नाही. तिथे तुरुंगातल्या काळ्या कैद्यांची गाणी टिपणारे लोमॅक्स उजवे, हे कबूल.