‘स्टार ट्रेक’चे पहिले आठ भाग : आपल्या सोसायटीचे गुणपत्रक

आबा (ए-१०१) :
सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या आठ शनिवारी आपण सभागृहात मूळ ‘स्टार ट्रेक’ या अवकाशयानाच्या सफरींवरील अमेरिकन मालिकेचे सुरुवातीचे आठ भाग पाहिले. आता प्रत्येकाने दहापैकी गुण कारणांसह येथे लिहावेत असे ठरले आहे, म्हणून आरंभ मी करतो.

ही मालिका मी पहिल्यांदा पाहिली ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. आमचा संच कृष्णधवल होता, आणि अँटेना वाऱ्याने फिरला की एकाने गच्चीवर, एकाने खिडकीत आणि एकाने संचासमोर उभे राहून चित्र जागेवर आणावे लागे. कॅप्टन कर्कचा सदरा सोनेरी, भावना आवरून धरणाऱ्या, अर्ध्या परग्रहवासी मिस्टर स्पॉकचा निळा आणि इंजिनीअर स्कॉटीचा तांबडा आहे, हे मला इतक्या वर्षांनी आपल्या सभागृहाच्या भिंतीवर कळले. अमेरिकेत ही मालिका दाखवणारी एनबीसी ही वाहिनी आरसीए या कंपनीच्या मालकीची होती आणि ती कंपनी रंगीत संच विकत असे, त्यामुळे इतके ठळक रंग तेथे सर्वांनाच सोयीचे होते. कर्कचा सदरा तर मुळात हिरवट कापडाचा होता आणि दिव्यांच्या प्रकाशात चित्रफितीवर तो सोनेरी उमटत असे.

गुण देताना मी एकच कसोटी लावली आहे. जो माणूस खुर्चीत बसला आहे त्याला खरोखर निर्णय घ्यावा लागला का, आणि त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली? माझी उमेदीची वर्षे सेक्शन कंट्रोलर म्हणून गेली. रात्रपाळीत समोरच्या ग्राफवर पेन्सिलीने गाड्यांच्या रेषा ओढताना कोणती गाडी कोठे थांबवायची हे दोन मिनिटांत ठरवावे लागे, आणि चुकले तर बोल लावायला दुसरा कोणी नसे. म्हणून राक्षस, झगमगाट आणि किरणांच्या बंदुका मी हिशेबात धरलेल्या नाहीत. माझे गुण : ‘बॅलन्स ऑफ टेरर’ १०, ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’ ९, ‘द नेकेड टाइम’ ८, ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ ७, ‘द एनिमी विदिन’ ७, ‘चार्ली एक्स’ ७, ‘द मॅन ट्रॅप’ ५, ‘मड्स विमेन’ ३.

दादा (ए-४०२) :
आबा, आपण हे भाग प्रसारणाच्या क्रमाने न पाहता निर्मितीच्या क्रमाने का पाहिले, असे दोघांनी मला विचारले होते, म्हणून ते आधी सांगतो. ८ सप्टेंबर १९६६ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला तो ‘द मॅन ट्रॅप’. प्रत्यक्षात त्याआधी बरेच काही घडून गेले होते. निर्माते जीन रॉडनबेरी यांनी १९६४ च्या अखेरीस ‘द केज’ हा नमुना भाग चित्रित केला. त्यात कॅप्टन वेगळा होता, आणि वाहिनीने तो भाग फार बौद्धिक ठरवून नाकारला; मात्र प्रकल्प बंद न करता दुसरा नमुना मागवला. तो म्हणजे १९६५ मध्ये चित्रित झालेला ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’. त्यात यानाचे नेहमीचे डॉक्टर मॅकॉय नाहीत, पुढे यान चालवणारा सुलू अजून सुकाणूवर नाही, स्पॉक मोठ्या आवाजात ओरडून आज्ञा देतो आणि कर्कसाठी उभ्या केलेल्या थडग्यावर त्याच्या नावाचे मधले अक्षरही पुढे रूढ झालेले नाही. हा भाग प्रसारित झाला तिसऱ्या क्रमांकावर, २२ सप्टेंबरला. आधीचे दोन आठवडे मॅकॉय यांना पाहिलेल्या प्रेक्षकांना त्या दिवशी अचानक दुसराच डॉक्टर दिसला आणि त्याचा खुलासा कोणीही केला नाही.

‘कॉर्बोमाइट’ हा नियमित मालिकेतला सर्वांत आधी चित्रित झालेला भाग, परंतु त्यातली दृश्यचमत्कृतींची कामे लांबली आणि तो १० नोव्हेंबरला, दहाव्या क्रमांकावर लागला. निर्मितीच्या क्रमाने पाहिले की माणसे आपापल्या कामात हळूहळू कशी रुजली ते दिसते. पहिल्या भागातला स्पॉक आणि ‘बॅलन्स ऑफ टेरर’मधला स्पॉक शेजारी ठेवून पाहावेत, अभिनेते लिओनार्ड निमॉय यांना या पात्राचा शांतपणा सापडेपर्यंतचा सगळा प्रवास त्यात आहे. ‘व्हेअर नो मॅन’ला मी आबांपेक्षा एक गुण जास्त, म्हणजे ८ देतो. जिवलग मित्राच्या हाती अमर्याद शक्ती आली आणि तो माणसांना किड्यामुंग्या समजू लागला, तर त्याला ओसाड ग्रहावर सोडायचे की मारायचे, हा प्रश्न दुसऱ्याच प्रयत्नात विचारणे सोपे नव्हते.

ताई (बी-३०२) :
आबांची कसोटी मला मान्य आहे, पण ती लावल्यावर ‘द एनिमी विदिन’ला सातच गुण कसे मिळतात हे मला समजले नाही. रिचर्ड मॅथेसन यांनी लिहिलेल्या या भागात माणसांना यानातून ग्रहावर क्षणात पोहोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टर यंत्रातल्या बिघाडामुळे कर्कचे दोन भाग होतात. एक सौम्य आणि सज्जन, दुसरा हिंस्र आणि स्वार्थी. आपल्याकडच्या कीर्तनात षड्रिपूंवर विजय मिळवलेला माणूस श्रेष्ठ मानला जातो, आणि हा भाग मात्र असे दाखवतो की रिपू काढून टाकलेला सज्जन कर्क निर्णयच घेऊ शकत नाही. खाली ग्रहावर सुलू आणि त्याचे सोबती गारठून मरायला टेकले आहेत आणि हा चांगला माणूस नुसता हात चोळत उभा आहे. वर्गात भौतिकशास्त्र शिकवताना बलांचा समतोल मी रोज सांगते, पण माणसाच्या आतला समतोल इतका स्पष्ट मांडलेला मी क्वचितच पाहिला आहे. सुलूला आणायला छोटे यान का पाठवत नाहीत, असे आपल्या मुलांनी विचारले होते. त्याचे उत्तर एवढेच की तेव्हा ते यान मालिकेत आलेलेच नव्हते. मुळात ट्रान्सपोर्टरची कल्पनाही मोठे यान दर वेळी ग्रहावर उतरवून दाखवण्याचा खर्च परवडत नाही म्हणून निघाली, आणि त्याच काटकसरीतून ही कथा जन्मली.

माझे गुण मात्र नऊवरून सातावर आले आहेत, आणि त्याचे कारण वेगळे आहे. हिंस्र कर्क यानावरची कनिष्ठ कर्मचारी यीओमन रँड हिच्यावर तिच्या खोलीत हल्ला करतो. ती धैर्याने प्रतिकार करते आणि नंतर सर्वांसमोर खरे सांगते, इथपर्यंत प्रसंग गंभीरपणे हाताळला आहे. परंतु शेवटी स्पॉक त्या तोतयाच्या गुणांविषयी तिलाच सूचक शेरा मारतो. त्या पात्राच्या तोंडी हे वाक्य घालणे ही लेखनातली मोठी चूक आहे. साठ वर्षांपूर्वीचा काळ तसा होता असे म्हणून मी ती सोडून देणार नाही. ‘मड्स विमेन’ विषयीही हेच मत, त्यावर अधिक लिहावेसे वाटत नाही.

मावशी (ए-२०३) :
मी जन्मभर रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले, त्यामुळे ‘द नेकेड टाइम’मधला पहिला प्रसंग पाहून मी खुर्चीतून उठलेच होते. गोठलेल्या संशोधन केंद्रात सगळी माणसे मरून पडली आहेत, कारण अज्ञात आहे, आणि पाहणीला गेलेला माणूस नाक खाजवायला हातातला मोजा काढतो आणि तोच उघडा हात तिथल्या वस्तूंवर ठेवतो! आमच्या वॉर्डात असे करणाऱ्या नव्या मुलीला मी दाराबाहेर उभे केले असते. पण थोडा विचार केल्यावर मला वाटले की लेखकाने साथीचे मूळ अचूक पकडले आहे. शेकडो माणसांच्या यानावर रोग येतो तो एका माणसाच्या एका क्षणाच्या सवयीतून, आणि पुढे तो घामाच्या हातांनी, एकमेकांच्या स्पर्शाने पसरतो.

या रोगाने माणसाच्या मनावरचा ताबा सुटतो. सुलू उघड्या अंगाने तलवार घेऊन धावतो हे मुलांना आवडले, मला मात्र लक्षात राहिला तो दार लावून एकट्याने रडणारा स्पॉक. आईवर आपले प्रेम आहे हे आपण तिला कधी सांगू शकलो नाही, एवढेच त्याचे दुःख आहे. माझे ९ गुण त्या एका प्रसंगाचे आहेत.

‘चार्ली एक्स’लाही मी ९ देते. सतरा वर्षांचा तो मुलगा लहानपणापासून अशरीरी जीवांनी वाढवलेला आहे, त्यांनी त्याला जगण्यासाठी शक्ती दिली, पण माया कशी करावी हे कोणी शिकवले नाही. तो माणसे नाहीशी करतो म्हणून त्याचा राग येतो. शेवटी त्याला परत न्यायला ते जीव येतात, आणि त्यांना तर मला स्पर्शही करता येत नाही, मला येथेच राहू द्या, असे तो विनवतो तेव्हा मात्र तो राग टिकत नाही. कर्क त्याच्यासाठी रदबदली करतो आणि ती चालत नाही. आबा, खुर्चीतल्या माणसाचा शब्द जेथे उपयोगी पडत नाही अशा प्रसंगाला तुमच्या कसोटीत गुण नाहीत का?

आबा (ए-१०१) :
मावशी, तुमचे म्हणणे बरोबर आहे. ‘चार्ली एक्स’चे माझे गुण ८ करावेत.

‘कॉर्बोमाइट’विषयी थोडे लिहितो. त्यात बेली नावाचा तरुण नॅव्हिगेटर आहे, ज्याला पात्रतेआधीच बढती मिळाली आहे असे डॉक्टर कर्कला स्पष्ट ऐकवतात. समोरचे प्रचंड यान दहा मिनिटांची मुदत देते आणि बेलीचा धीर सुटतो, तो सर्वांसमोर किंचाळतो. कर्क त्याला तत्काळ जागेवरून उठवतो, पण त्याच्या नोंदवहीत शेरा लिहीत नाही, आणि थोड्या वेळाने बेली स्वतः परत येतो तेव्हा त्याला त्याच खुर्चीत बसू देतो. नव्याने बोर्डावर बसलेली मुले अशीच कोसळताना मी पाहिली आहेत, आणि त्यांना परत बसवणारे वरिष्ठही पाहिले आहेत. स्पॉकला बुद्धिबळातली हार दिसते तेव्हा कर्कला पत्त्यांचा डाव आठवतो, आणि हातात काहीही नसताना तो ‘कॉर्बोमाइट’ नावाच्या, हल्लेखोरालाच नष्ट करणाऱ्या कल्पित पदार्थाची थाप ठोकून देतो. ती थाप मारताना त्याचा आवाज जराही कापत नाही.

ताई (बी-३०२) :
आबा, ‘बॅलन्स ऑफ टेरर’ला पूर्ण १० गुण देण्यास माझी हरकत आहे. रोम्युलन या शत्रूजमातीच्या अदृश्य होणाऱ्या यानाचा पाठलाग करताना दोन्ही यानांवरची माणसे कुजबुजतात आणि स्पॉकच्या हातून एक कळ दाबली जाताच शत्रूला सुगावा लागतो. पाण्यात ध्वनी पोहोचतो म्हणून पाणबुडीवर शांतता पाळणे समजते. निर्वात पोकळीत आवाज जाणारच नाही, तेव्हा कुजबुजायचे कशासाठी? पाणबुडीयुद्धाची कथा उचलून अवकाशात ठेवताना हा सांधा उघडा राहिला आहे. माझे ९.

आबा (ए-१०१) :
ताई, भौतिकशास्त्रात तुमच्यापुढे मी काय बोलणार, हरकत रास्त आहे. पण रात्री तीन वाजता एखाद्या गाडीचा पत्ता लागत नसेल तर कंट्रोलमध्ये सगळे हळू बोलू लागतात. कोणी ऐकेल म्हणून नव्हे, तर पुढचा फोन वाजेल तो नीट ऐकू यावा म्हणून. मी त्या कुजबुजीकडे तसे पाहिले. आणि माझे दहा गुण दोन गोष्टींसाठी आहेत. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्याशी युद्ध झाले त्या शत्रूचा चेहरा कोणीच पाहिलेला नव्हता. तो पडद्यावर दिसतो आणि नेमका स्पॉकसारखा निघतो. त्या क्षणी यानावरचाच एक अधिकारी स्पॉकवर संशय घेतो, आणि कर्क त्याला बजावतो की असला आकस आपल्या खोलीत ठेवावा, येथे त्याला जागा नाही. लढाई चालू असताना असे बोलणे हेच नेतृत्व. दुसरी गोष्ट म्हणजे मार्क लेनर्ड यांनी साकारलेला रोम्युलन सेनापती. तोही आपल्या कर्तव्याला बांधलेला, थकलेला, कर्कच्याच तोलाचा माणूस आहे. भागाच्या आरंभी यानावर एक लग्न लागत असते ते अर्धवट राहते, आणि शेवटी कर्क त्या मुलीला भेटायला जातो तेव्हा नवरदेव मेलेला असतो. विजयाचा एकही शब्द नाही.

जिभाऊ (बी-२०४) :
मी उशिरा लिहीत आहे, केळीची गाडी भरायची होती. माझे म्हणणे एकाच भागाविषयी आहे. ‘द मॅन ट्रॅप’ला आबांनी ५ गुण देऊन त्याला राक्षसाची गोष्ट ठरवले आहे, ते मला पटत नाही. त्या ग्रहावर तो प्राणी आपल्या जातीतला शेवटचा उरला आहे. त्याला जगायला मीठ लागते, आणि मीठ संपले आहे. त्याने शिकार केली ती भुकेपोटी. आमच्या बाजूला, मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याच्या परिसरात, केळीच्या बागांपर्यंत वाघ येतो. शेतावर रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला भीती वाटते, ती खोटी नाही. तरीही तो वाघ तेथून कायमचा नाहीसा झाला तर आपले काय जाईल, हे त्याच माणसाला ठाऊक असते. म्हणून माझे ९ गुण.

मावशी (ए-२०३) :
जिभाऊ, त्या ग्रहावर राहणाऱ्या प्राध्यापक क्रेटर यांनी त्याला इतके दिवस मीठ दिले. ज्याच्या हातचे मीठ खाल्ले त्यालाच त्याने अखेर मारले, हे विसरता येत नाही. पण आबांना मला दुसरेच सांगायचे आहे. या भागात निर्णय कर्कला घ्यावा लागतच नाही, तो डॉक्टर मॅकॉय यांना घ्यावा लागतो. त्या प्राण्याने त्यांच्या जुन्या प्रेयसीचे, नॅन्सीचे, रूप घेतले आहे, समोर कर्क मरणाच्या दारात आहे, आणि शस्त्र डॉक्टरांच्या हातात आहे. ज्या हातांनी आयुष्यभर जीव वाचवले, त्यांनी त्या चेहऱ्यावर शस्त्र चालवायचे. याच भागासाठी आणलेल्या आधुनिक आकाराच्या मीठदाण्या पडद्यावर मीठदाण्या म्हणून ओळखू येणार नाहीत म्हणून पुढे डॉक्टरांची उपकरणे म्हणून वापरल्या गेल्या, हे दादाने सांगितल्यापासून मला त्यांच्या हातातल्या प्रत्येक उपकरणाकडे पाहून तोच प्रसंग आठवतो.

आबा (ए-१०१) :
काल रात्री दादाकडून तो भाग मागवून घेतला आणि शेवटची दहा मिनिटे पुन्हा पाहिली. मी खुर्चीकडे पाहत राहिलो आणि डॉक्टरांच्या हाताकडे माझे लक्षच गेले नव्हते. अगदी शेवटी यान कक्षेतून निघण्याच्या बेतात असते, सगळे आपापल्या जागी बसलेले असतात आणि कर्क गप्प असतो. काही बिघडले आहे का, असे स्पॉक विचारतो. आपण गव्यांचा विचार करत होतो, असे कर्क सांगतो. प्राध्यापकांनी आधी त्या शेवटच्या प्राण्याची तुलना पृथ्वीवरून संपत गेलेल्या त्याच रानगव्यांशी केलेली असते. ‘द मॅन ट्रॅप’ला माझे ८ गुण लिहावेत.