पेलोटॉन घ्यायची का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

अमेय (एडिसन): इथे थंडी सुरू झाली. साडेचारलाच अंधार पडतो, संध्याकाळचं फिरणं बंद. ऋचा आणि मी पेलोटॉन कंपनीची घरात व्यायाम करायची सायकल घ्यायचा विचार करतोय. ऑफिसात विचारलं तर काही जण तिच्या प्रेमात आहेत आणि काही जण नावही काढू नकोस म्हणतात. एवढा राग कशाचा आहे? मीनलताई, तू मागे काहीतरी म्हणाली होतीस.

सुधीरकाका (पुणे): किंमत काय?

अमेय: साधी १,६९५ डॉलर, वरची २,६९५. शिवाय दरमहा ४९.९९.

सुधीरकाका: दरमहा कशाचे? सायकल विकत घेतली ना?

अमेय: क्लासचे, काका. समोर मोठी स्क्रीन असते, त्यावर शिकवणारे असतात. लाइव्हही आणि रेकॉर्ड केलेलेही.

मीनलताई (फ्रीमॉन्ट): अमेय, जरा लांबलचक लिहितेय, वेळ मिळेल तेव्हा वाच.

सायकलीला कुणी वाईट म्हणत नाही. चेनऐवजी पट्टा, चुंबकाचा रेझिस्टन्स (म्हणजे पायडल जड-हलकं करायची सोय), आवाज जवळजवळ नाहीच. शिकवणारेही मनापासून शिकवतात. लोक चिडतात ते पैसे भरूनही वस्तू पूर्णपणे आपली होत नाही म्हणून.

आधी वर्गणीचं बघ. २०२२ च्या जूनपर्यंत ती ३९ डॉलर होती. मग ४४ झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ४९.९९. ज्यांनी ३९ धरून हिशेब केला होता त्यांच्या घरात सायकल तीच आहे, फक्त महिन्याचा आकडा वाढला. आजच्या दराने वर्षाचे ६०० होतात, पाच वर्षांचे ३,०००. म्हणजे वर्गणी सायकलीच्या किमतीच्याही पुढे जाते. आणि पाच वर्षं दर असाच राहील असं कुणीही लिहून देत नाही.

सुधीरकाका: आणि वर्गणी बंद केली तर?

मीनलताई: पायडल मारता येतात, काका. ‘जस्ट राइड’ म्हणून एक सोय आहे, त्यात वेग, रेझिस्टन्स वगैरे दिसतं. पण क्लास जातात. ज्या स्क्रीनसाठी एवढे पैसे मोजले ती जवळजवळ रिकामी राहते.

त्यांच्याच ट्रेडमिलचं तर याहून वाईट झालं होतं. २०२१ च्या मे महिन्यात ट्रेड प्लस नावाची ट्रेडमिल परत मागवावी लागली. एक लहान मूल दगावलं होतं आणि बऱ्याच जणांना इजा झाल्या होत्या. साधारण सव्वा लाख यंत्रं होती. मग सुरक्षेसाठी अपडेट पाठवून चार आकडी कुलूप बसवलं. ते आवश्यकच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते कुलूप वर्गणीशी जोडलेलं निघालं, त्यामुळे वर्गणी नसलेल्यांना नुसतं धावताही येईना. चार हजार डॉलरच्या वर दिलेल्या यंत्रावर! कंपनीने तीन महिन्यांची वर्गणी माफ केली. पण घरातलं यंत्र रात्रीतून बदलू शकतं हे लोकांना तेव्हा नीट कळलं.

आई: बाप रे. आणि तुमच्याकडे आर्या आता रांगायला लागलीय.

अमेय: आई, ते ट्रेडमिलचं होतं. सायकल वेगळी.

आई: सायकलीचं चाकही फिरतंच ना. दार लावून चालवायची.

स्वातीवहिनी (टोरांटो): मी दुसरी बाजू सांगते. आमच्याकडे ती आहे आणि रोज वापरात आहे. एका वर्गणीत घरातल्या सगळ्यांची वेगवेगळी खाती होतात, यांचं, माझं, मुलांचं. दोघांच्या जिमचे पैसे धरले तर फार महाग पडत नाही. बाळंतपणानंतर मला घराबाहेर पडायची सोय नव्हती, तेव्हा सकाळच्या वीस मिनिटांच्या क्लासने मला सावरलं. समोर कुणीतरी आहे या भावनेनेच मी उठायचे. आणि मीनल, सोसायटीचा मेंटेनन्स आपण स्वतःच्याच फ्लॅटवर भरतो की.

मीनलताई: वहिनी, तुम्हाला उपयोग झाला याचा मला खरंच आनंद आहे. जे रोज चालवतात त्यांना ती परवडते, हे मान्य.

पण मेंटेनन्सचं थोडं वेगळं आहे. तो किती वाढवायचा हे आपल्याच वार्षिक सभेत ठरतं, तिथे उठून बोलता येतं. थकला तर नोटीस येते, व्याज लागतं, पण आपल्या स्वयंपाकघराला कुणी कुलूप लावत नाही. इथे दर वाढल्याचा ईमेल येतो. विषय संपला.

सुधीरकाका: बरोबर. बँकेत होतो तेव्हा लोकांना हेच सांगायचो, हप्त्याला शेवटची तारीख असली पाहिजे. याला ती नाहीच.

अमेय: आणि कंपनी बुडाली तर?

मीनलताई: तेही होऊन गेलंय, दुसऱ्या कंपनीच्या बाबतीत. फ्लायव्हील नावाची होती, तिचीही अशीच घरगुती सायकल. पेलोटॉनने तिच्यावर पेटंटचा दावा लावला, २०२० च्या फेब्रुवारीत तडजोड झाली आणि मार्चअखेरीस फ्लायव्हीलचे घरचे क्लास कायमचे बंद. नेमके कोविडमुळे सगळे घरात अडकले तेव्हा. बदल्यात पेलोटॉनची दुरुस्त केलेली जुनी सायकल देऊ केली होती, पण त्यावर परत पेलोटॉनची वर्गणी आलीच.

पेलोटॉन आज चालू आहे. पण २०२२ च्या फेब्रुवारीत तिथेही संस्थापक सीईओ पायउतार झाले आणि २,८०० लोकांना काढलं. म्हणून मी तरी दहा वर्षांचा भरवसा धरणार नाही.

ऋचा: ताई, सेकंडहँड घेतली तर? आमच्या जवळ एक जण निम्म्याहून कमी किमतीत देतोय.

मीनलताई: स्वस्त मिळेल. पण २०२४ च्या ऑगस्टपासून दुसऱ्याकडून घेतलेल्या सायकलीवर वर्गणी सुरू करायला एकदाच ९५ डॉलर द्यावे लागतात.

स्वातीवहिनी: कॅनडात १२५. हे मात्र मलाही पटलेलं नाही. एकाने पूर्ण पैसे देऊन घेतलेली वस्तू दुसऱ्याला विकली, त्यात कंपनीचा काय संबंध?

मीनलताई: हेच तर म्हणतेय मी.

ऋचा, जुनी घेणार असाल तर आणखी एक. २०२३ मध्ये जवळपास २२ लाख सायकलींच्या सीटखालचा दांडा बदलून द्यायचं कंपनीने जाहीर केलं, चालवताना तो तुटायच्या तक्रारी होत्या. नवा दांडा फुकट मिळतो. त्याने तो बसवलाय का ते आधी विचारा. आणि वजन साठ किलोच्या आसपास आहे, वरच्या मजल्यावर कोण चढवणार तेही बघा. बूटही खास लागतात, त्या पायडलमध्ये अडकणारे.

ऋचा: आमच्या कॉम्प्लेक्सच्या जिममध्ये दोन साध्या सायकली आहेत. कुणी बसत नाही त्यांच्यावर.

स्वातीवहिनी: मग पेलोटॉनच्या ॲपची वेगळी वर्गणी घे. यंत्राच्या वर्गणीपेक्षा कमी आहे आणि कुठल्याही सायकलीवर फोन ठेवून चालते. थंडीभर क्लास करून बघ. आवडले, सवय लागली, तर मग घरच्या सायकलीचं बोलू.

मीनलताई: याला माझी पूर्ण संमती. नकोसं झालं तर वर्गणी बंद, घरात साठ किलोचं धूड नाही.

सुधीरकाका: जिमला जाताना आर्याला कोण बघणार?

ऋचा: काका, एक दिवस मी, एक दिवस अमेय.

अमेय: त्या विकणाऱ्याला थांब म्हणून कळवतो.